गाणे कुणाचे आणि चित्रपट कुणाचा?

गेल्या दहा-बारा वर्षांत संगीतावरील चित्रपटांचे आणि अनुबोधपटांचे अमाप पीक आले आहे. गायकांचे चरित्रपट, जुन्या मैफलींच्या नव्याने उजळलेल्या फिती, वाद्यवृंदांच्या उदयास्ताच्या कहाण्या अशी शेकडो नावे आज घरच्या पडद्यावर उपलब्ध आहेत. नोकरी आटोपून घरी आलेल्या मनुष्याजवळ रात्रीचे दोन तास असतात, महिन्याची वर्गणी आधीच भरलेली असते आणि निवड करता करताच अर्धा तास निघून जातो. यातले काय पाहावे हा प्रश्न वरवर निव्वळ रसिकतेचा वाटतो. परंतु त्याला एक आर्थिक बाजूही आहे आणि ती ध्यानात घेतली तर निवड पुष्कळच सोपी होते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. संगीतपट पाहताना प्रेक्षकाने मनाशी एक प्रश्न विचारावा : यातील गाण्यांचा मालक कोण आहे, आणि त्याने हा चित्रपट का होऊ दिला?

हा प्रश्न विचारण्याचे कारण साधे आहे. एखाद्या राजकीय पुढाऱ्याचे चरित्र लिहिण्यास त्याच्या वारसांची अनुमती लागत नाही. गायकावर चित्रपट काढायचा म्हटला की मात्र त्याची गाणी लागतात, आणि गाण्यांवर कोणाचा तरी स्वामित्वहक्क असतो. तो हक्क ज्याच्या हाती, त्याच्या हाती नकाराचा अधिकार. जिमी हेंड्रिक्सवरील २०१३ चा चित्रपट हेंड्रिक्सने रचलेल्या एकाही गाण्याविना काढावा लागला, कारण वारसांनी संमती दिली नाही. डेव्हिड बोवीवरील ‘स्टारडस्ट’ (२०२०) या चित्रपटाचीही तीच गत झाली. गायकाचे गाणे नसलेला चरित्रपट म्हणजे अक्षरे नसलेले पुस्तक. त्याकडे प्रेक्षकांनी पाठ फिरवली यात नवल नाही.

याहून बोलके उदाहरण प्रिन्स या अमेरिकन गायकाचे आहे. मृत्युपत्र न करता तो २०१६ मध्ये वारला. एझ्रा एडलमन या ऑस्करविजेत्या दिग्दर्शकाने अनेक वर्षे खपून त्याच्यावर नऊ तासांचा अनुबोधपट तयार केला. प्रिन्सच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यांना तो मान्य झाला नाही आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो प्रदर्शित होणार नाही असे जाहीर झाले. चित्रपट तयार आहे, दिग्दर्शकाची योग्यता वादातीत आहे, पाहण्यास लोक उत्सुक आहेत, तरी तो पेटीत बंद आहे. सरकारी कात्रीविरुद्ध आपण पुष्कळ बोललो आहोत. मालकी हक्काच्या कात्रीविषयी मात्र आपल्याकडे अजून फारशी चर्चा झालेली नाही.

गाण्याचे भाडे

मुळात हा पूर आला कशामुळे? गाणे ही आता जमिनीसारखी मालमत्ता झाली आहे. लोकप्रिय गाणे दरवर्षी थोडे थोडे उत्पन्न देत राहते. अमेरिका आणि युरोपात रचनाकाराच्या मृत्यूनंतर साधारणतः ७० वर्षे हा हक्क टिकतो. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या भाडे देणारी ही चाळच म्हणा ना. अशी मालमत्ता विकत घेण्यासाठी ध्वनिमुद्रण कंपन्या व गुंतवणूकदार संस्था यांच्यात गेल्या काही वर्षांत चढाओढ लागली. बॉब डिलनने २०२० मध्ये आपल्या रचनांचे हक्क युनिव्हर्सल कंपनीस विकले. ब्रूस स्प्रिंगस्टीनने २०२१ मध्ये आपले हक्क सोनी कंपनीस दिले, आणि हा व्यवहार सुमारे ५० कोटी डॉलरांचा असल्याच्या बातम्या आल्या. ‘क्वीन’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या गाण्यांसाठी सोनीनेच २०२४ मध्ये एक अब्ज पौंडांच्या घरात रक्कम मोजल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले.

एवढी किंमत देणारा मनुष्य गाणी नुसती तिजोरीत ठेवणार नाही. ती नव्या पिढीच्या कानांवर पडत राहिली तरच भाडे वाढेल. त्यासाठी चरित्रपटासारखे दुसरे साधन नाही. क्वीनवरील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या २०१८ च्या चित्रपटाने जगभरात ९० कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळवले आणि चार ऑस्कर पटकावली. त्याच्या निर्मितीत खुद्द क्वीनमधील दोन हयात कलावंतांचा हात होता. चित्रपट रंगतदार आहे हे नाकारता येणार नाही. परंतु फ्रेडी मर्क्युरीला आपल्या असाध्य आजाराची वार्ता १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ या सुप्रसिद्ध कार्यक्रमापूर्वीच समजली असे त्यात दाखवले आहे. त्याच्या निकटवर्तीयांच्या सांगण्याप्रमाणे ते निदान त्यानंतर दोन वर्षांनी झाले. शेवटच्या प्रसंगाला करुणरसाची फोडणी मिळावी म्हणून मृत मनुष्याच्या आयुष्यातील सर्वांत दुःखद तारीख मागे ओढण्यात आली. हे ज्याने पाहिले त्याला आपण इतिहास पाहिला असे वाटते. प्रत्यक्षात त्याने पदरचे पैसे देऊन एक उत्तम जाहिरात पाहिलेली असते.

असे चित्रपट पाहूच नयेत, असा याचा अर्थ नव्हे. डिलनवरील ‘अ कम्प्लीट अननोन’ (२०२४) हा चित्रपटही डिलनच्या संमतीने निघाला. तरी त्यात १९६५ च्या न्यूपोर्ट महोत्सवात विजेची गिटार हाती घेऊन आपल्याच श्रोत्यांचा रोष पत्करणारा तरुण डिलन बराचसा हेकट आणि स्वार्थी दिसतो. संमती घेऊनही माणूस माणसासारखा दाखवता येतो, हे त्यावरून कळते. मात्र तेथेही आपण मालकाच्या दिवाणखान्यात बसलो आहोत याचे भान सुटू देऊ नये.

ज्याला गिऱ्हाईक मिळाले नाही

खरे मोलाचे अनुबोधपट बहुधा दुसरीकडे सापडतात. ज्या सामग्रीला बाजाराने किंमत दिली नाही, तिच्यातून ते जन्मले आहेत. ‘समर ऑफ सोल’ (२०२१) हे त्याचे ठळक उदाहरण. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका उद्यानात १९६९ च्या उन्हाळ्यात सहा रविवार कृष्णवर्णीयांचा मोठा संगीतमहोत्सव झाला. नीना सिमोन, महालिया जॅक्सन, स्टीव्ही वंडर, बी. बी. किंग असे एकाहून एक कलावंत तेथे गायले. हाल टल्चिन या निर्मात्याने त्याचे सुमारे ४० तासांचे चित्रीकरण केले. त्याच वर्षी त्यातील थोडा अंश दूरचित्रवाणीवर दाखवला गेला. पुढे मात्र या फितींना कोणी गिऱ्हाईक मिळेना आणि त्या जवळजवळ ५० वर्षे तळघरात पडून राहिल्या.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झालेल्या वुडस्टॉक महोत्सवावरील चित्रपट १९७० मध्ये पडद्यावर आला, त्याला ऑस्कर मिळाले आणि ‘१९६९ चा उन्हाळा म्हणजे वुडस्टॉक’ हे समीकरण साऱ्या जगाच्या मनात पक्के झाले. एका महोत्सवाचा इतिहास झाला आणि दुसऱ्याची अडगळ झाली. दोहोंतील फरक संगीताच्या गुणवत्तेचा नव्हता. एकाला विकत घेणारा मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही, एवढाच तो फरक होता. टल्चिन २०१७ मध्ये वारले. क्वेस्टलव्ह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वादकाने या फितींतून सिद्ध केलेल्या अनुबोधपटास २०२२ मध्ये ऑस्कर मिळाले. त्यातील वृद्ध झालेले श्रोते आपल्या तरुणपणीच्या त्या दिवसाची दृश्ये पाहताना डोळे पुसतात. आपली आठवण खोटी नव्हती, हे त्यांना पन्नास वर्षांनी कळते.

‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ (२०१३) हा अनुबोधपट तर अर्थशास्त्राच्या वर्गात दाखवावा असा आहे. मुख्य गायकामागे उभे राहून साथीचे स्वर देणाऱ्या गायिकांची ही कथा. रोलिंग स्टोन्सच्या १९६९ च्या एका विख्यात गाण्यात मेरी क्लेटन या गायिकेचा आर्त स्वर आहे. तो सर्वांनी ऐकला, तिचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक. डार्लिन लव्ह हिने १९६२ मध्ये गायलेले एक गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, परंतु तबकडीवर दुसऱ्याच गायिकांच्या संचाचे नाव छापले होते. पुढे एका काळात तिला लोकांच्या घरांची साफसफाई करून पोट भरावे लागले. कामाचा मोबदला एकदाच मिळतो आणि कामाच्या फळाचे भाडे दुसरा कोणी आयुष्यभर घेतो, ही व्यवस्था कारखान्यात असते तशीच ध्वनिमुद्रणगृहातही असते.

‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ (२०१२) याही अनुबोधपटाला ऑस्कर मिळाले. डेट्रॉइटचा रोड्रिगेझ हा गायक १९७० आणि १९७१ मध्ये दोन ध्वनिमुद्रिका काढून विस्मृतीत गेला आणि पाडकामाच्या मजुरीवर जगू लागला. इकडे वर्णविद्वेषी राजवटीतील दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या तरुणांच्या घरोघरी त्याची गाणी वाजत होती आणि त्याचा त्याला पत्ताही नव्हता. १९९८ मध्ये तो तेथे गायला, तेव्हा मेला असे समजलेला मनुष्य हजारोंच्या सभागृहासमोर उभा राहिला. ‘आफ्रिकेत खपलेल्या तबकड्यांचे स्वामित्वधन कोठे गेले?’ असा प्रश्न चित्रपटात विचारला जातो आणि त्याचे समाधानकारक उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. रोड्रिगेझ ऑस्ट्रेलियातही लोकप्रिय होता आणि १९७९ व १९८१ मध्ये त्याने तेथे दौरेही केले होते. कथेची धार बोथट होईल म्हणून ही गोष्ट चित्रपटात येतच नाही. तेव्हा मालकाचा हात नसला की सत्याची हमी मिळते, असेही समजू नये. चांगल्या कथेचा मोह हाही एक मालकच आहे.

एक अपवाद

आमच्या कसोटीला छेद देणारे एक मोठे उदाहरण आहे आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पीटर जॅक्सन याचा ‘द बीटल्स : गेट बॅक’ (२०२१) हा जवळजवळ आठ तासांचा अनुबोधपट खुद्द बीटल्सच्या कंपनीच्या सहभागाने निघाला. तरीही तो अलीकडच्या काळातील सर्वोत्तम संगीतपटांपैकी एक आहे. जानेवारी १९६९ मध्ये झालेल्या साठेक तासांच्या चित्रीकरणातून तो रचला आहे. चार तरुण रोज सकाळी कामावर येतात, चहा घेतात, कंटाळतात, भांडतात, एक जण काम सोडून निघून जातो, पुन्हा येतो, आणि या सगळ्या रिकाम्या वाटणाऱ्या वेळातून हळूहळू एक गाणे आकार घेते. प्रतिभा म्हणजे वीज चमकणे, अशी आपली कल्पना असते. येथे ती कचेरीतल्या कामासारखी दिसते. निवेदक नाही, स्तुती करणारे तज्ज्ञ नाहीत. लांबी हाच या चित्रपटाचा प्रामाणिकपणा आहे, कारण इतक्या वेळात मुखवटा टिकवणे कोणालाच साधत नाही. विद्यार्थ्यांनी तर तो आवर्जून पाहावा.

परंतु त्याच चित्रीकरणातून १९७० मध्ये निघालेला ‘लेट इट बी’ हा मूळ चित्रपट मालकांनी कित्येक दशके बाजाराबाहेर ठेवला. तो रीतसर पुन्हा पाहावयास मिळाला २०२४ मध्ये. म्हणजे उदार झालेला मालक हा अखेर मालकच.

संगीताचा वापर करणारा आणखी एक धनी म्हणजे राज्यसंस्था. तिचे दर्शन ‘साउंडट्रॅक टू अ कू देता’ या २०२४ च्या बेल्जियन अनुबोधपटात घडते. ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला. कटांगा प्रांतातील तांबे व युरेनियम यांवर पाश्चात्त्य कंपन्यांचा डोळा होता. त्याच वर्षी अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या वतीने लुई आर्मस्ट्राँग काँगोत ट्रम्पेट वाजवत होता. जानेवारी १९६१ मध्ये पंतप्रधान लुमुंबा यांची हत्या झाली आणि पुढच्याच महिन्यात ॲबी लिंकन, मॅक्स रोच आदी कृष्णवर्णीय कलावंतांनी सुरक्षा समितीच्या बैठकीत घुसून निषेध केला. एकाच संगीताचे दोन उपयोग या चित्रपटात समोरासमोर येतात. त्याची मांडणी दमवणारी आहे, पण दमून उठलेला प्रेक्षक काही शिकून उठतो.

आपल्याकडील चित्र

हे सारे परदेशातले झाले. आपल्या देशातही प्रश्न तोच आहे. गायकांना स्वामित्वधन मिळावे म्हणून लता मंगेशकर यांनी १९६० च्या दशकात आग्रह धरला आणि त्यावरून महंमद रफी यांच्याशी त्यांचा बेबनाव झाला, हे सर्वश्रुत आहे. मोबदला घेऊन चित्रपटासाठी रचलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माताच, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. त्या निकालाला जोडलेल्या स्वतंत्र टिपणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात स्थानच नाही याबद्दल खंत व्यक्त केली होती. कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क कायद्यात आला तो १९९४ मध्ये, आणि गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील वाटा काढून घेता येणार नाही ही तरतूद झाली ती २०१२ मध्ये. तोवर एक सबंध पिढी मावळली होती.

या पार्श्वभूमीवर दोन मराठी चित्रपट अवश्य पाहावेत. पहिला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ (२०२०). व्हेनिसच्या महोत्सवात त्याला उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळाले. शरद नेरुळकर हा ख्याल गायकीचा तरुण साधक, त्याचे आजारी गुरू, आणि ध्वनिफितींतून त्याला अखंड उपदेश करणाऱ्या, कधीही प्रत्यक्ष न दिसणाऱ्या ‘माई’ ही यातील पात्रे काल्पनिक आहेत. पण मोजक्या श्रोत्यांपुढील मैफली आणि गिऱ्हाईक न मिळणारी दुर्मिळ ध्वनिमुद्रणे हे वास्तव काल्पनिक नाही. निष्ठेला फळ मिळतेच, असे हा चित्रपट सांगत नाही. तो पाहताना म्हणूनच अस्वस्थ वाटते.

दुसरा ‘मी वसंतराव’ (२०२२). डॉ. वसंतराव देशपांडे यांची भूमिका त्यांचे नातू राहुल देशपांडे यांनी केली आहे. म्हणजे हा घरचाच चित्रपट, आणि आमची कसोटी त्यालाही लावली पाहिजे. भक्तिभाव त्यात आहेच. पण लष्करी हिशेब खात्यात वर्षानुवर्षे नोकरी करत गाणे सांभाळणारा मनुष्य त्यात दिसतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. आपल्याकडे संगीताला आश्रय कोणी दिला, असे विचारले की संस्थानिकांची नावे निघतात. सरकारी पगाराने किती गळे जगवले, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

याशिवाय आपल्याकडे एक तिसरा मार्ग होता. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने प्रचारपटांबरोबर काही असामान्य संगीतपटही काढले. मणी कौल यांचे ‘ध्रुपद’ (१९८२) आणि ‘सिद्धेश्वरी’ (१९८९) हे त्यांतले दोन. त्यांना ना तिकीटबारीची चिंता होती, ना गाण्यांचे भाडे वाढवायचे होते. डागर बंधूंचा आलाप ‘ध्रुपद’मध्ये कॅमेरा ज्या संयमाने ऐकतो, तो संयम बाजाराला परवडत नाही. सरकारी खर्चाने निघालेल्या चित्रपटांची आपण पुष्कळ थट्टा केली, आणि पुष्कळदा ती रास्तच होती. पण सार्वजनिक पैशाखेरीज हे दोन चित्रपट झालेच नसते, ही गोष्टही जमाखर्चात धरावी लागेल. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आणि पुण्यातील १९६४ पासूनचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय या दोन्ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आल्या. कारभार एकत्र आल्याने खर्चात बचत होत असेल. परंतु संग्रह सांभाळणे हे काम नफ्यातोट्याच्या मापाने मोजू लागलो, तर हार्लेमच्या फितींसारखी पन्नास वर्षांची अडगळ आपल्याकडेही निर्माण होईल, आणि ती उघडण्यास कोणी क्वेस्टलव्ह येईलच असे नाही.

आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनापासून ६० वर्षांनी संपतो. याचा अर्थ असा की त्यापूर्वीच्या तबकड्यांतील ध्वनिमुद्रण आता कोणा एकाच्या मालकीचे नाही. पण हक्क संपला तरी तबकडी टिकली पाहिजे, आणि तबकडी टिकवणे हे कायद्याचे काम नव्हे. गावोगावच्या संगीत मंडळांकडे, गणेशोत्सवांच्या जुन्या कार्यकर्त्यांकडे, निवृत्त शिक्षकांच्या कपाटांत मैफलींच्या कितीतरी ध्वनिफिती पडून आहेत. दर पावसाळ्यात त्यांवर थोडी बुरशी चढते. महाविद्यालयांनी आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी त्या मागवून घ्याव्यात, त्यांच्या प्रती कराव्यात, कोणी, केव्हा, कोठे गायले याची नोंद करावी. याला फार मोठा निधी लागत नाही. एक यंत्र, एक जाणकार आणि एक चिकाटीचा लिपिक एवढे पुरे. हे काम पुढच्या पाच-दहा वर्षांत झाले नाही तर ते नंतर कोणालाच करता येणार नाही.